न तुटणारी जागा

दौलतगंजात, कुलपांच्या दुकानावरच्या खोलीत
माझे चार संगणक होते, त्यातले तीन चालत.
तासाला वीस रुपये, प्रिंटचे पानाला पाच.
डिसेंबरचं धुकं जिना चढून आत आलेलं
आणि त्याच्यामागून पद्माकर कोरान्ने,
कानांवरून मफलर, हातात आलेख कागद.

"बायोडाटा आहे. जसाच्या तसा जायला हवा.
जोडून नको म्हणतात, मेलच्या आतच,
एचटीएमएल की काय ते."

चिनीमातीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन, चोवीस वर्षं.
सगळं पेन्सिलीनं आखलेलं, समास दीड इंच,
वर्षं एका रकान्यात, कामं दुसऱ्यात,
प्रत्येक शून्याचं पोट सारखं.

मी टाइप करत गेलो. ते खांद्यामागे उभे,
खुर्ची दिली तरी.
ब्राउझरमध्ये उघडलं तर
सगळे रकाने एकमेकांच्या अंगावर.

"मी जागा सोडली होती इथे."
"काका, स्पेसबार कितीदाही दाबा,
हा एकच जागा मोजतो. बाकीच्या गिळतो."
"गिळतो?"
चष्मा काढला, मफलरनं पुसला, परत लावला.
"मग ब्याण्णव ते अठ्ठ्याण्णव?"

कागदावर तिथे काहीच नव्हतं.
वर कारखान्याला टाळं लागलेलं,
खाली मुरारच्या ठेकेदाराकडे
जिन्यांचे आणि संडासांचे नकाशे.
मधले सहा चौकोन कोरे,
खोडलेले नव्हेत, राखलेले.

"ट्यूशन घेत होतो असं टाकू?"
"खोटं कशाला. अन् खरं तरी कशाला.
जागा सोड."

मग मी तक्ता केला, रेषांची जाडी शून्य.
"शून्य जाडीची रेषा!" पहिल्यांदाच हसले.
"जन्मभर रेषा ओढल्या, अशी एक नाही जमली."
आणि त्या रिकाम्या घरात मी लिहिलं
अँड, एनबीएसपी, अर्धविराम.
सहा वेळा, वर्षाला एक.
"हे काय?"
"न तुटणारी जागा. ही त्याला गिळता येत नाही."
बोलले नाहीत. पडद्यावरच्या कोऱ्या पट्टीवर
बोट ठेवलं, फूटपट्टी ठेवावी तसं.

तेवढ्यात लाइट गेली.
यूपीएस केकाटू लागला, आठ मिनिटं, फार तर नऊ.
घाईत शीर्षकं ठळक केली, पुन्हा बघितलं नाही.
पत्ता ते अक्षर-अक्षर सांगत होते,
"मग तो शेपटीवाला ए, मग..."
फोनलाइन खरखरली, लागली. पाठवलं.
गेलं असं दिसलं आणि पडदा विझला.

लाइट संध्याकाळी आली. तेही आले,
पिशवीत मेथी, मटार.
"आतलं जे लिहिलंस ना, त्याचा प्रिंट दे. पानाचा नको.
खरा नकाशा तोच. वरचं नुसतं बांधकाम."
बाकावर बसून लाल पेन्सिलीनं
उघडलेली एकेक खूण तिच्या मिटणाऱ्या खुणेशी
जोडत खाली आले, आणि थांबले.
"इथे ठळक सुरू केलंस. संपवलंस कुठे?"

कुठेच नाही.
'अनुभव' पासून खालचं सगळं ठळक गेलं होतं:
कारखाना, जिने, संडास, घरचा पत्ता,
आणि मधल्या त्या सहा जागा.

माझे कान गरम झाले.
"कोरी जागा ठळक केली तर कशी दिसते रे?"
"तशीच दिसते, काका."
"हं."
कागदाची घडी घातली, नकाशाची घालतात तशी,
नावाचा चौकोन वर राहील अशी.

फेब्रुवारीपर्यंत ते रोज अकराला येत.
"परत तर आला नाही ना?"
"नाही."
"मग तिकडे कुणाकडे तरी उघडाच असेल."
आणि मी नको म्हणायच्या आत
टेबलावर वीस रुपये ठेवून जिना उतरत.